मुलं प्रयोगशाळा बघून जातात, पुढे काय?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. तुमची जैववैद्यकीय संशोधन संस्था वर्षातून एकदा शाळांसाठी दारं उघडते. शेकडो मुलं येतात, मायक्रोस्कोपला डोळा लावतात, द्रव नायट्रोजनचा धूर बघून ओरडतात आणि फोटो काढून घरी जातात. पुढच्या वर्षी कार्यक्रम तोच, मुलं नवी. आता शाळांशी कायमचं नातं जोडायचं काम संचालकांनी तुमच्या गळ्यात घातलंय. शास्त्रज्ञ म्हणतात वेळ नाही, शिक्षक म्हणतात आधीच पोर्शन पुरा होत नाही. तर सुरुवात कुठून करायची?

प्रयोगशाळा आणि शाळा यांच्यामध्ये निरोप्याचं काम मी बरीच वर्षं करतोय, त्यामुळे उत्तर लांबणार आहे. गाभा मात्र आधीच सांगून टाकतो: शाळेकडे जे नाही आणि फक्त तुमच्याकडे आहे तेवढंच द्या, आणि शक्यतो शिक्षकांच्या हातून द्या.

पेशीची रचना, डीएनए, रोगप्रतिकारशक्ती हे सगळं शिक्षक शिकवतातच, आणि तुमच्या पोस्टडॉकपेक्षा, म्हणजे पीएच.डी.नंतर संशोधन करणाऱ्या तरुणापेक्षा, चांगलं शिकवतात. चौदा वर्षांचं मूल कुठे अडतं, कितव्या मिनिटाला वर्गाचं लक्ष उडतं हे त्यांना पाठ असतं. तरी संस्थेतला माणूस शाळेत निघाला की पाठ्यपुस्तकातलाच धडा स्लाइडवर चढवून नेतो, कारण मुलांना आधी ‘बेसिक’ यायला हवं असं त्याला वाटतं. शाळेकडे खरोखर नसतं ते वेगळंच. ज्यांच्या प्रश्नाचं उत्तर अजून कुणालाच ठाऊक नाही अशी माणसं तिथे नसतात. कुणी नीट न तपासलेला ताजा डेटा नसतो. महागडी उपकरणं आणि ती हाताळायला शिकवणारे सरावलेले हात नसतात. कुठलाही नवा उपक्रम समोर आला की मी एवढंच विचारतो: हे शाळेला आपल्याशिवाय जमलं असतं का? जमलं असतं, तर तो उपक्रम शाळेचा. आपण त्यात लुडबुड करू नये.

एका दिवसाच्या भेटीबद्दल तुम्हाला जी शंका आलीय ती रास्त आहे. इंग्लंडमध्ये 2009 साली ‘अ‍ॅस्पायर्स’ नावाचा अभ्यास सुरू झाला. त्यात 10 ते 14 वयाच्या हजारो मुलांना पुन्हा पुन्हा विचारलं गेलं की विज्ञानाबद्दल काय वाटतं, पुढे काय व्हायचंय. बहुतेकांना विज्ञान आवडत होतं, पण शास्त्रज्ञ व्हायचंय असं म्हणणारी जेमतेम 15 टक्के निघाली. म्हणजे टंचाई आवडीची नाहीच. मूल मनात म्हणतं, ‘छान आहे, पण हे आपल्यासारख्यांसाठी नाही.’ याच गटातल्या संशोधकांनी लंडनमधल्या मुलींच्या एका शाळेत सहा आठवड्यांचा खास उपक्रमही करून पाहिला. मुलींना मजा आली, विज्ञानातून किती वाटा फुटतात हे थोडं अधिक कळलं, पण ‘मी काय होणार’ या उत्तरात म्हणावा असा फरक पडला नाही. सहा आठवड्यांत पडला नाही, तर तुमच्या तीन तासांच्या फेरफटक्यात कुठून पडणार? त्यामुळे ‘आमच्या ओपन डेमुळे शास्त्रज्ञ घडतात’ असलं वाक्य वार्षिक अहवालात घालू नका, कुणी घालायला सांगितलं तरी.

आपल्यासारख्यांसाठी की दुसऱ्या कुणासाठी, हा प्रश्न बराच लहानपणी सुटलेला असतो. मुलांना ‘शास्त्रज्ञाचं चित्र काढा’ असं सांगून केलेला एक जुना अभ्यास 1983 साली प्रसिद्ध झाला. 4,807 मुलांच्या चित्रांत बाई शास्त्रज्ञ होत्या फक्त 28, आणि ती सगळी चित्रं मुलींनी काढलेली. 2018 साली अमेरिकेतल्या पाच दशकांच्या अशा चित्रांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा 1985 नंतरच्या चित्रांत हे प्रमाण सरासरी 28 टक्क्यांवर आलेलं दिसलं. सुधारणा आहे, पण त्याच आढाव्यात हेही दिसलं की मूल जसं मोठं होतं तशी चित्रातली पुरुषांची गर्दी वाढते. म्हणून शाळेत कुणाला पाठवता याला महत्त्व आहे. फक्त विभागप्रमुख नकोत. प्राणीगृह सांभाळणारा, मायक्रोस्कोपची देखभाल करणारी इंजिनिअर, आकडेमोड करणारा, परवानग्यांची कागदपत्रं बघणारी अशी सगळी माणसं मुलांना दिसू द्या. मात्र संस्थेतल्या त्याच एका हुशार तरुण शास्त्रज्ञ बाईंना दर कार्यक्रमाला उभं करू नका. त्या नाही म्हणत नाहीत, आणि वर्षाअखेरीस त्यांचेच प्रयोग मागे पडलेले असतात.

शास्त्रज्ञांना वेळ नसतो हे खरंय. पण बऱ्याचदा त्यांना वेळेपेक्षा भीती जास्त असते. व्याख्यान द्या म्हटलं की पीआय, म्हणजे संशोधन गटाचे प्रमुख, कॅलेंडर उघडून मान हलवतात. त्याऐवजी पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला ‘या आठवड्यात तुझं काय फसलं ते वीस मिनिटं सांग’ म्हटलं की तो तयार होतो, आणि मुलंही जास्त कान देऊन ऐकतात. तालीम मात्र घ्याच. माझ्या तालमीत नियम एकच: एखादं लघुरूप तोंडातून निघालं की गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगायची. तिसऱ्या फेरीत माणूस स्वतःच हसायला लागतो आणि साधं बोलतो. ‘माहीत नाही’ म्हणायचाही सराव करून घ्यावा लागतो. नुसतं माहीत नाही म्हटलं तर मुलं हिरमुसतात; ‘माहीत नाही, पण शोधायचं झालं तर मी आधी हे करून बघेन’ म्हटलं की पुढचे दहा प्रश्न त्यातूनच निघतात.

आता मुलं संस्थेत आल्यावर त्यांच्याकडून काय करून घ्यायचं ते. माझं मत ऐकाल तर दहा विभाग दाखवण्यापेक्षा एका टेबलाशी दीड तास बसवा. उदाहरण म्हणून मायक्रोपिपेट घ्या, म्हणजे थेंबभर द्रव मोजून उचलायचं साधन. तुमच्याकडे ढिगाने असतात, शाळेत सहसा नसतात.

पिपेटच्या बटणाला दोन टप्पे असतात. पहिल्या टप्प्यापर्यंत दाबायचं, टोकाला बसवलेली प्लॅस्टिकची टिप पाण्यात जरा बुडवायची, बटण सावकाश सोडायचं. बाहेर टाकताना दुसऱ्या टप्प्यापर्यंत, म्हणजे पार तळापर्यंत दाबायचं. हे एकदाच दाखवा आणि बाजूला व्हा. पहिल्या खेपेला निम्मी मुलं पाणी घेतानाच बटण तळापर्यंत दाबतात, मग टिपमध्ये जास्त पाणी चढतं. काहींचं बटण अंगठ्याखालून सटकतं आणि टिपमध्ये बुडबुडा येतो. लगेच दुरुस्त करायला जाऊ नका. पिपेट 100 मायक्रोलिटरवर लावून द्या, मिलिग्रॅमपर्यंत दाखवणारा तराजू ठेवा आणि प्रत्येक गटाला दहा थेंब एकामागून एक तोलून आकडे फळ्यावर लिहायला सांगा. पाण्याचं गणित सोपं आहे: 100 मायक्रोलिटर म्हणजे 0.1 मिलिलिटर, आणि तेवढ्या पाण्याचं वजन 0.1 ग्रॅम.

फळा भरला की खरी गंमत. समजा एका गटाचे आकडे 0.099, 0.101, 0.100 असे आलेत. दुसऱ्या गटाचे सगळे 0.115च्या आसपास, पण एकमेकांना अगदी चिकटून. तिसऱ्याचे 0.08 ते 0.12 असे विखुरलेले, पण सरासरी बरोबर 0.1. आता विचारा, सर्वात वाईट गट कोणता? वर्गात दोन तट पडतात. दुसऱ्या गटाचा हात स्थिर आहे, चूक एकच आणि ती सापडण्यासारखी. तिसऱ्या गटाची सरासरी सुरेख, पण त्यांच्या एकाही थेंबावर भरवसा ठेवता येत नाही. अचूकता आणि सातत्य यातला हा फरक व्याख्या पाठ करून कळत नाही, इथे मुलं त्याच्यावरून भांडतात. मग तुमचा पीएच.डी.वाला सांगतो की दुसऱ्या गटासारखीच चूक त्याच्या यंत्रात होती आणि ती सापडायला किती त्रास झाला. गणिताच्या शिक्षकांनाही त्या दिवशी बोलवा. सरासरी आणि विचलन शिकवायला त्यांना पुढे याच आकड्यांचा उपयोग होतो.

सगळीकडे चालणारा दुसरा प्रयोग म्हणजे स्ट्रॉबेरीतून डीएनए काढणं. द्रवरूप साबणाने पेशींची आवरणं फुटतात, मिठामुळे डीएनए एकत्र यायला मदत होते, वरून थंडगार अल्कोहोल सोडलं की पांढरे तंतू वर येतात. स्ट्रॉबेरीत गुणसूत्रांचे आठ संच असतात, म्हणजे डीएनए भरपूर, म्हणून ती घेतात. प्रयोग चांगला आहे, पण तो शाळेतही होतो, आणि बहुतेक ठिकाणी ‘बघा, हा डीएनए!’ म्हणून टाळ्या वाजवून संपतो. त्या तंतूंत प्रथिनं असतात, फळातलं पेक्टिन नावाचं चिकट द्रव्यही असतं, आणि पेक्टिनही अल्कोहोलमध्ये तसंच गोळा होतं. मग हा डीएनए आहे हे कशावरून? हा प्रश्न मुलांसमोर टाका आणि गप्प बसा. कुणीतरी म्हणतं, साबण न घालता करून बघू. कुणी म्हणतं, ज्यात डीएनए नाहीच असं काहीतरी घेऊन बघू. इथून पुढे संस्थेचं काम सुरू होतं: तोच नमुना जेलवर, म्हणजे जेलीसारख्या थरातून विजेच्या ओढीने, चालवायचा, डीएनएला चिकटणारा सुरक्षित रंग लावायचा आणि चमकणारा पट्टा दिसतो का ते बघायचं. शाळेत हे होत नाही, तुमच्याकडे रोज होतं.

आता शिक्षकांकडे वळतो, कारण माझ्या मते तुमच्या वेळेचा आणि पैशाचा मोठा वाटा इथे जायला हवा. साधा हिशेब आहे. एका भेटीत तुम्हाला तीस मुलं भेटतात, तीही एकदाच. एका शिक्षकाच्या हाताखालून दरवर्षी शंभरावर मुलं जातात आणि तो पुढची वीस वर्षं शिकवणार असतो.

शिक्षक प्रशिक्षण म्हटलं की संस्था सभागृहात चार व्याख्यानं ठेवतात आणि शेवटी प्रमाणपत्रं वाटतात. शिक्षक सह्या करून जातात. त्यांना काय लागतं हे विचारलं तर वेगळंच ऐकू येतं: ‘पुस्तकात हे असं दिलंय, मुलाने असं विचारलं, मी काय सांगू?’ या प्रश्नांवर बसा. एकच मासला देतो. जीभ नळीसारखी वळवता येणं हा एका जनुकाने ठरणारा गुण आहे, असं अनेक पाठांत अजूनही शिकवतात. हे आलं कुठून? स्टर्टेव्हंट या नामवंत जनुकशास्त्रज्ञाने 1940 साली ते मांडलं. 1952 साली एकसारख्या जुळ्यांवर झालेल्या अभ्यासात काही जोड्यांत एकाला जीभ वळवता येते आणि दुसऱ्याला नाही असं आढळलं. डीएनए तोच असून फरक, म्हणजे एका जनुकाची साधी गोष्ट कोसळली. स्टर्टेव्हंट यांनी स्वतःही 1965 साली आपला दावा टिकत नसल्याचं मान्य केलं. पाठ मात्र तसाच चालू राहिला.

यात नुसती चुकीची माहिती एवढंच नाही. ‘आईबाबा दोघांनाही जीभ वळवता येत नाही आणि मला येते’ असं म्हणणारं मूल वर्गात असतंच. पुस्तकातलं खरं धरलं तर त्याच्या घराबद्दल भलताच निष्कर्ष निघतो. शिक्षकाला हे सांगताना ‘तुमचं चुकलं’ अशा सुरात सांगू नका. त्याने पुस्तकावर विश्वास ठेवला, तो ठेवायलाच हवा होता. त्याला बदली पाठ द्या: वर्गात किती जणांना जीभ वळवता येते ते मोजा, मग जुळ्यांचा पुरावा समोर ठेवा आणि विचारा, आता एका जनुकाच्या कल्पनेचं काय करायचं? आनुवंशिकतेचे नियम शिकवायला कागदावरची एबीओ रक्तगटांची उदाहरणं वापरा, वर्गातल्या मुलांचे रक्तगट नकोत. शिक्षक हा पाठ घेऊन जातो आणि पुढच्या वेळी तीन सहकाऱ्यांना सोबत आणतो.

याहून खोल काम म्हणजे शिक्षकाला प्रयोगशाळेत काही आठवडे घेणं. कोलंबिया विद्यापीठात 1990 पासून असा उन्हाळी कार्यक्रम चालत आला. त्यात विज्ञान शिक्षक दोन उन्हाळे प्रत्यक्ष संशोधनात काम करत. 2009 साली ‘सायन्स’ या शोधपत्रिकेत त्याचा परिणाम प्रसिद्ध झाला. या शिक्षकांच्या विद्यार्थ्यांचं राज्य परीक्षेतल्या विज्ञान विषयात उत्तीर्ण होण्याचं प्रमाण त्याच शाळांमधल्या इतर शिक्षकांच्या विद्यार्थ्यांपेक्षा सुमारे 10 टक्क्यांनी जास्त होतं. पण हा फरक दिसला तो शिक्षक कार्यक्रमात आल्यानंतर तिसऱ्या-चौथ्या वर्षी, आधी नाही. तुमच्या संचालकांना हे वाक्य दोनदा वाचून दाखवा. पहिल्या वर्षाअखेर परिणामाचा तक्ता मागणाऱ्याला हाती काही लागणार नाही.

शिक्षक प्रयोगशाळेत आला की त्याला काय काम द्यायचं यावर सगळं अवलंबून असतं. नुसतं बघत बसवलं तर तिसऱ्या दिवशी तो मोबाइल काढतो. बाटल्या धुवायला लावणं हा अपमान. गटाला खरोखर हवा असलेला पण घाईचा नसलेला एक छोटा तुकडा द्या: पेशींच्या प्रतिमा मोजणं, एखाद्या अँटिबॉडीचं योग्य प्रमाण शोधणं. आठवड्याच्या लॅब मीटिंगला बसवा. आपल्या पीआयला एखादी विद्यार्थिनी सगळ्यांसमोर ‘तुमचा निष्कर्ष या आलेखातून निघत नाही’ म्हणते आणि पीआय ते ऐकून घेतात, हे शिक्षकाने डोळ्यांनी पाहिलं की त्याच्या वर्गातली हवा बदलते. शेवटच्या आठवड्यात त्याने एक पाठ लिहायचा, आणि तो तुमच्या लोकांनी नाही तर दुसऱ्या शिक्षकाने तपासायचा. त्याच्या वेळेचे पैसे द्या. सुट्टी त्याचीच असते, आणि विज्ञानप्रेमापोटी फुकट या म्हणणं बरं दिसत नाही. मुख्याध्यापकांना संस्थेच्या लेटरहेडवर पत्र पाठवा. ही किरकोळ गोष्ट वाटेल, पण त्या पत्रावाचून पुढच्या वर्षी त्याला सोडत नाहीत.

मग उपकरणांची पेटी. अमेरिकेतल्या कोल्ड स्प्रिंग हार्बर लॅबोरेटरीने 1988 साली फक्त जनुकशास्त्राच्या शिक्षणासाठी स्वतंत्र केंद्र काढलं. सगळ्यांना तेवढं शक्य नसतं, पण जेल टँक, वीजपुरवठ्याचं यंत्र, पिपेट, अगारोज (जेल बनवायची पूड) आणि रंग भरलेली पेटी शाळेला महिनाभर उसनी देणं बहुतेक संस्थांना जमतं. अट एकच ठेवा, ज्या शिक्षकाने तुमच्याकडे ती स्वतः चालवून बघितलीय त्यालाच पेटी द्यायची. नाहीतर ती कपाटात जाते, कुलूप लागतं, आणि तुटेल या भीतीने कुणी काढत नाही. तुटलं तर शाळेला भरपाई मागणार नाही हे लेखी द्या. परत आल्यावर टिपांचे डबे भरायचं आणि जेलच्या फण्यांचे दात तपासायचं काम कुणाचं, तेही आधीच ठरवा.

सुरक्षेबद्दल थोडक्यात, कारण तुमची जैवसुरक्षा समिती बाकीचं सांगेलच. मानवी नमुने किंवा रोगजंतू हाताळतात त्या खोल्या मुलांना काचेपलीकडूनच दाखवा. मुलांचं स्वतःचं रक्त कुठल्याही प्रयोगात नको. घरच्यांशी नातं उघड होईल अशी जनुकीय चाचणी तर अजिबात नको. दाराच्या मुठीवरचे जंतू पेट्री डिशमध्ये वाढवायचे असतील तर 37 अंशांवर वाढवू नका. ते आपल्या शरीराचं तापमान, माणसाला त्रास देणाऱ्या जंतूंना तेच मानवतं. 25 अंशांच्या आसपास ठेवा, टेप लावा, न उघडता बघा, आणि नंतर 121 अंशांवर 15 मिनिटं ऑटोक्लेव्ह करूनच, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करूनच, टाका. मुलांबरोबर एकटा प्रौढ कधीही नको, आणि फोटोसाठी पालकांची लेखी परवानगी.

एक प्रश्न दर भेटीत येतो आणि जनसंपर्क विभाग त्यावर विषय बदला म्हणतो: ‘तुम्ही प्राण्यांवर प्रयोग करता का?’ विषय बदलू नका. करत असाल तर हो म्हणा. कोणते प्राणी, कशासाठी, परवानगी कोण देतं, वेदना होऊ नयेत म्हणून काय करतात, आणि शेवटी त्या उंदराचं काय होतं, हेही. बहुतेक वेळा त्याला मारलं जातं. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना हे सांगता येतं, आणि गुळमुळीत उत्तर त्यांना लगेच कळतं. रसेल आणि बर्च या दोघांनी 1959 साली तीन तत्त्वं मांडली: प्राण्यांशिवाय जमत असेल तर तो मार्ग घ्या, नसेल तर कमीत कमी प्राणी वापरा, आणि जे वापराल त्यांचा त्रास कमी करा. ती सांगून मुलांनाच एखादा प्रस्ताव तपासायला द्या. मी हे नेहमी करतो: गटांना नैतिकता समिती बनवायचं, एका शास्त्रज्ञाने आपला प्रस्ताव मांडायचा, मुलांनी प्रश्न विचारून मंजूर किंवा नामंजूर करायचा. नामंजूर झाला तर शास्त्रज्ञाने तो दुरुस्त करून परत यायचं. याच धर्तीवर हेन्रिएटा लॅक्स या अमेरिकेतल्या कर्करोगाच्या रुग्णाची हकिगत घेता येते. 1951 साली त्यांच्या गाठीतल्या पेशी न विचारता घेतल्या गेल्या आणि त्या पेशी आजही जगभरच्या प्रयोगशाळांत, बहुधा तुमच्याही, वाढताहेत. संमती म्हणजे काय हे शिकवायला याहून चांगलं उदाहरण माझ्याकडे नाही.

मुलांकडून खरं संशोधन करून घेता येतं का? येतं, पण जपून. इंग्लंडमधल्या ब्लॅकॉटन गावातल्या प्राथमिक शाळेतल्या 8 ते 10 वर्षांच्या 25 मुलांनी भुंग्यासारख्या मोठ्या मधमाश्या रंग आणि आकृतिबंध कसे ओळखतात यावर प्रयोग केले, आणि त्यांचा निबंध 2010 साली ‘बायॉलॉजी लेटर्स’ या शोधपत्रिकेत छापून आला, मुलांनी रंगीत पेन्सिलींनी काढलेल्या आकृत्यांसकट. तिथल्याच सँगर इन्स्टिट्यूटने ‘जीनोम डिकोडर्स’ प्रकल्पात आतड्यातल्या एका परजीवी कृमीचा जीनोम, म्हणजे संपूर्ण जनुकीय आराखडा, शाळकरी मुलांपुढे ठेवला. संगणकाने ओळखलेली जनुकं खरोखर तिथे सुरू होतात का, तिथेच संपतात का, हे मुलांनी पुराव्याशी ताडून दुरुस्त केलं. हे काम संगणकाला नीट जमत नव्हतं, माणसाची नजर लागतच होती. असाच तुकडा तुमच्याकडे शोधा. मुलांना फुकटचे मदतनीस म्हणून वापरायचं असेल तर मात्र नको. त्यांच्या कामाचं पुढे काय झालं ते त्यांना कळवणार असाल, ‘काही निष्पन्न झालं नाही’ असं झालं तरी, तरच हात घाला.

इंटर्नशिपचं आमिष मोठं असतं. डेव्हिड बाल्टिमोर शाळेत असताना 1955च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या जॅक्सन लॅबोरेटरीत गेले, तिथे त्यांना हॉवर्ड टेमिन भेटले, आणि पुढे 1975 साली दोघांना एकाच नोबेलमध्ये वाटा मिळाला. गोष्ट खरी आहे आणि प्रत्येक संस्थेला आपल्याकडे असंच काही घडावंसं वाटतं. प्रत्यक्षात जागा चार असतात आणि त्यांतल्या तीन ओळखीच्या मुलांना जातात: संचालकांची भाची, पीआयचा शेजारी. वशिल्याची ही वाट बंद करायची असेल तर अर्ज शाळांमार्फतच घ्या, गुणांची किमान पातळी ठरवून पुढे चिठ्ठ्या काढा आणि येण्याजाण्याचा खर्च द्या. हे जमणार नसेल तर इंटर्नशिप ठेवा बापडे, पण तिला शाळांसाठीचा उपक्रम म्हणू नका.

किती शाळा घ्यायच्या? कमी. शक्यतो आजूबाजूच्याच, आणि ज्यांच्याकडे कुणी जात नाही अशा. लंडनची फ्रान्सिस क्रिक इन्स्टिट्यूट आपल्या शालेय कामाचा भर ज्या कॅम्डन भागात ती उभी आहे तिथल्याच शाळांवर ठेवते. पन्नास शाळांना एकेकदा भेटण्यापेक्षा सहा शाळांना वर्षातून चारदा भेटणं मी कधीही पसंत करेन. नावाजलेल्या शाळा आपणहून फोन करतात. बाकीच्यांना तुम्ही फोन करायचा असतो, आणि तो विज्ञान शिक्षकांना करायचा, कार्यालयात नाही.

संचालकांकडे जाताना चार गोष्टी मागा: या कामासाठी पूर्णवेळ एक माणूस, शिक्षकांच्या मानधनाचे पैसे, शाळांच्या बसचा खर्च, आणि पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांनी शाळांसाठी दिलेला वेळ त्यांच्या वार्षिक मूल्यमापनात धरला जाईल असं पत्र. चौथी गोष्ट फुकट आहे आणि तीच मिळायला सर्वात अवघड. यशाचं माप म्हणून आलेल्या मुलांची संख्या देऊ नका. तीन महिन्यांनी शिक्षकांना विचारा, आमच्याकडून नेलेलं काय वर्गात वापरलंत? आणि मोजा, किती शिक्षकांनी आपणहून पुन्हा संपर्क केला.

राहिला तुमचा ओपन डे. तो बंद करू नका, पालकांना आणि आसपासच्या लोकांना तुमच्या भिंतीआड काय चालतं हे कळायला तो हवाच. फक्त त्यातून शाळांची रांग काढून टाका आणि तो सुट्टीच्या दिवशी ठेवा, म्हणजे मुलं घरच्यांबरोबर येतील. शाळांच्या भेटी वर्षभर, एका वेळी एक वर्ग अशा लावा. वेळापत्रक बनवायला बसण्याआधी त्या सहा शाळांतल्या शिक्षकांना एका दुपारी बोलवा, त्यांच्या अभ्यासक्रमाची यादी आणि परीक्षांच्या तारखा मागून घ्या, आणि त्या दिवशी संस्थेच्या वतीने कुणालाही भाषण करू देऊ नका.